लुगड्याचा काठ आणि चामड्याची कड

लुगडे घ्यावयास गेलेली मराठी बाई, दुकानदाराने घडी उलगडताच प्रथम काय पाहते, हे कोणास सांगावयास नको. ती काठ पाहते. अंगाचा रंग मागाहून, पोत मागाहून, किंमत तर सर्वांत मागाहून. काठ सरळ आहे की आखडला आहे, उलट बाजूस धागे लोंबतात की काय, याची तपासणी ती दोन बोटांच्या चिमटीत करते. इंदूर-भोपाळकडे बदलून गेलेल्या आमच्या भगिनी महेश्वरीचा काठ उलटसुलट करून पाहतात, तेव्हा जुन्या विणकरासही सावरून बसावे लागते. पण हेच कुटुंब चपलांच्या वा चामडी पिशव्यांच्या दुकानात शिरले की त्याची दृष्टी कोठे जाते, कोण जाणे! यजमान रंग पाहतात, चकाकी पाहतात, पिशवी नाकाशी नेऊन वास घेतात, दोनशे रुपये कमी करून घेतात आणि विजयी मुद्रेने बाहेर पडतात. कडेवरून एकदा अंगठा फिरवून पाहणारा मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे, की यात एक विद्या बिघडत चालली आहे. आणि ती बिघडवणाऱ्यांत सरकारी खुर्चीवर बसून खरेदी करणारे तुम्हीआम्ही सर्वांत पुढे आहोत.

चामड्याची कड म्हणजे काय, हे प्रथम पाहू. पाठीवरच्या गुळगुळीत भागात कारागिराचे कर्तृत्व थोडेच असते. तो गुण जनावराचा आणि कमावणाऱ्याचा. चामडे कापले गेले म्हणजे मात्र त्याचे पोट उघडे पडते. तंतूंचे टोकन्‌टोक बाहेर येते, दोन-तीन थर चिकटवले असतील तर त्यांचे सांधे दिसतात. येथून पुढे जे काही होते ते केवळ हाताचे. प्रथम सर्व थर एका पातळीत आणावयाचे; रापीने तासून, मग काचकागदाने. नंतर वरच्या व खालच्या धारेचा काटकोनी कोपरा उतरवावयाचा. याकरिता दोन आखूड दातांचे, मध्ये खाच असलेले एक लहानसे हत्यार असते. ते तिरपे धरून एका दमात ओढले की दोऱ्यासारखी बारीक पट्टी सुटत येते. पुष्कळ कारागीर हेच काम रापी तिरपी धरून करतात, आणि त्यांचा हात पाहण्याजोगा असतो. मग कड किंचित ओली करावयाची आणि लाकडाने, हाडाने किंवा जाड कापडाने घोटावयाची. जुन्या पोथ्यांचा कागद घोटीव असे, तशीच ही घोटीव कड. ओलाव्याने तंतू मऊ होतात, घर्षणाने तापतात, दाबाने एकमेकांत बसतात. आणि वाळल्यावर थरांचा सांधा शोधूनही सापडत नाही. शेवटी मेण.

या क्रमात कोपरा उतरवण्याची पायरी सर्वांत क्षुल्लक दिसते, म्हणून ती प्रथम गाळली जाते. परिणाम असा होतो, की घोटताना उभा कोपरा दबून बाहेर पसरतो, भूछत्रासारखी त्याची ओठाळी बनते, तिच्याखाली मळ साचतो, वापरात ती दुमडते आणि तेथूनच भेग पडते. एवढ्याशा पट्टीचा हा पराक्रम! ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल, त्यांच्यापैकी जे कानपूरला नेमणुकीवर असतील त्यांनी तेथील खोगीर-लगामांचे काम एकदा जवळून पाहावे. कोपरा न उतरवलेली पट्टी घोड्याच्या अंगावर आवळली की त्याची कातडी सोलवटते. घोड्यापुढे कोणाची रदबदली चालत नाही.

आता कोल्हापुरीकडे वळू. कारण या विषयावर मराठी माणसास बोलावयाचे असेल तर तिला टाळून चालणार नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन घराण्याने आपल्या पुरुषी पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मिरवल्या आणि प्रथम तिचे नावही घेतले नाही. केवढा क्षोभ उसळला! आम्हीही त्यात होतो. क्षोभ रास्तच होता. पुढे कंपनीने उगम मान्य केला, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. कोल्हापुरीस २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले ते या दोन राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांचे मिळून आहे, हेही त्या निमित्ताने अनेकांस प्रथमच कळले. पण त्या महिन्यांत जे सद्गृहस्थ परक्यांवर तुटून पडत होते, त्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या पायांतील जोड उलटा करून पाहिला? हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेल्या चामड्याची कड घोटता येते, हा त्या चपलेचा एक मोठा गुण. क्रोमने कमावलेले चामडे दाबले तरी पुन्हा फुगते. ते घोटून बसत नाही. म्हणूनच बनावट माल ओळखावयाचा तर वरच्या वेणीकडे न पाहता बाजूने पाहावे. जेथे कड जाड रंगाने थापलेली आहे, तेथे खाली काय दडवले आहे हा प्रश्न विचारावा. पुठ्ठाही निघतो.

क्रोमचे चामडे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. त्याची कड पातळ करून आत दुमडून शिवणे हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि चांगला रंग नीट थर देऊन लावला तर तोही टिकतो. आमचे भांडण कड लपवण्याशी आहे.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही. उत्तरेकडील एका शहरात, एका कार्यालयाच्या खरेदी समितीवर आम्ही होतो. परिषदेसाठी कागद ठेवावयाच्या काहीशे चामडी पाकिटांची मागणी होती. नमुने टेबलावर आले. एक नमुना एका वृद्ध कारागिराचा होता. त्याची कड अशी, की अंगठा फिरवला तर नदीतल्या गोट्यावरून फिरवल्याचा भास व्हावा. दुसरा एका पुरवठेदाराचा; कडेला काळा चकचकीत रंग, किंमत बरीच कमी. तपशिलाच्या कागदात लांबी होती, रुंदी होती, रंग होता, मुद्रा कोठे उमटवावी हे होते. कडेविषयी अक्षरही नव्हते. तेव्हा दोन्ही नमुने तपशिलास उतरले आणि नियमाप्रमाणे एल-१ जिंकला. वृद्धाने आपला नमुना उचलताना विचारले, "साहेब, यात कमी काय होते?" आम्ही नियम सांगितला. पहिल्याच पावसाळ्यात त्या काळ्या रंगाचे पापुद्रे निघू लागले आणि आतून पुठ्ठा डोकावला. टिपणीवर सही आमची होती. तपशिलाचा मसुदाही आमच्याच हातचा होता.

म्हणून "नियम आड येतात" हे पालुपद आता आम्ही ऐकून घेत नाही. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील १४४ वा नियम उघडावा. खरेदीच्या वस्तूचे वर्णन वस्तुनिष्ठ व मोजता येण्याजोगे असावे, त्यात तांत्रिक आणि गुणवत्तेची लक्षणे नमूद करावीत, असाच त्याचा आशय आहे. कड मोजता येत नाही काय? दोन्ही धारांचे कोपरे उतरवलेले असावेत. शिवणीबाहेर थर सुटलेले दिसू नयेत. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासले असता रंग लागू नये. दुमडले असता कडेवर भेग पडू नये. ही परीक्षा कोणताही कारकून पाच मिनिटांत करील. एकदा हे मसुद्यात आले, की शासकीय ई-बाजारपेठेवरील सर्वांत स्वस्त दरही या चाळणीतून गेलेला असेल. न्यूनतम दराचा नियम घातक ठरतो तो आमच्या आळसामुळे. जे आम्ही लिहीत नाही, त्याची किंमत शून्य धरली जाते.

आणि ही शून्य किंमत कोणाच्या पदरातून वजा होते? कारागिरास मजुरी पुष्कळदा जोडीमागे मिळते. आम्ही एका चर्मकाराशेजारी बसून पाहिले आहे. शिवणीस जेवढा वेळ गेला, त्याहून अधिक कडेस गेला. गिऱ्हाईक जे पाहत नाही त्याकरिता तो आपल्या भाकरीतला वेळ कितीसा घालणार? त्याचा मुलगा ते गाळतो, नातू ते शिकतच नाही. मग आपण सुस्कारा टाकून म्हणतो, "पूर्वीचे काम राहिले नाही हो!"

कोणी म्हणतात, यंत्र आले म्हणून हे झाले. हे खोटे आहे. कड तासणारी, घोटणारी, रंग देणारी यंत्रे आहेत. मागणी असेल तेथे ती उत्तम काम करतात. कोणी म्हणतात, सामान्य माणसास हे परवडत नाही. तर मग कडेला उसवून दुसऱ्या वर्षी फेकावा लागणारा जोड त्यास कसा परवडतो, ते सांगावे.

खरे कारण याहून खोल आहे आणि ते उच्चारताना जीभ अडखळते. "पायीची वहाण पायीच बरी" असे म्हणत आपण वाढलो. चामडे ही उंबऱ्याबाहेर काढून ठेवावयाची वस्तू, आणि ते घडवणारा मनुष्यही पिढ्यान्‌पिढ्या आपण उंबऱ्याबाहेरच ठेवला. पैठणीचा काठ मांडीवर घेऊन पाहणारी आपली बोटे वहाणेच्या कडेस लागलीच नाहीत. मग तिचे बरेवाईट त्यांना कळावे कसे? विणकराच्या कौशल्यास मराठीत कितीतरी शब्द आहेत. कड घोटण्याच्या कौशल्याचे शब्द त्या वस्तीच्या गल्लीबाहेर आलेच नाहीत. आम्हांलाही या लेखासाठी ते मागून आणावे लागले, याची लाज वाटते.

मार्चअखेरची खरेदी दरवर्षी येते. निरोपसमारंभाच्या पिशव्या, परिषदांची पाकिटे, शिपायांचे जोडे, वाहनचालकांचे पट्टे यांचे मसुदे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या टेबलांवरून जातील. त्यांत कडेविषयीची ती चार वाक्ये घालावीत, आणि नमुना हाती आला की चष्मा कपाळावर सरकवून आधी अंगठा फिरवावा. लेखापरीक्षणात हरकत निघाली तर ती आमच्याकडे धाडून द्यावी. उत्तराचा मसुदा आम्ही आनंदाने करून देऊ.