तुलना कोणाशी, आणि कोणाच्या अटींवर?

तुलना ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. किंबहुना तुलनेवाचून आपली एकही मागणी उभी राहिलेली नाही. पोस्टमनची बरोबरी कोणाशी, खलाशाची कोणाशी, एका खात्यातल्या कारकुनाला जे मिळते ते दुसऱ्या खात्यातल्याला का नाही, यावर आपल्या पुढाऱ्यांनी एकेका वेतन आयोगापुढे कागदांचे ढीग घातले. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी प्रौढ माणसामागे २,७०० उष्मांक आणि वर्षाला १८ वार कापड असे माप ठरविले. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या मापात मुलांच्या शिक्षणाचाही खर्च धरायला लावला. तेव्हा कोणी तुलना करू म्हटले तर आपण बिचकण्याचे कारण नाही. आपण एवढेच विचारतो, की तुलना कोणाशी आहे आणि तिच्या अटी कोणी घातल्या?

हाच प्रश्न आता आपल्या मुलांच्या शाळांविषयी विचारला पाहिजे. देशादेशांच्या शाळांची तुलना हा आज मोठा उद्योग झाला आहे. परिषदा भरतात, क्रमवाऱ्या निघतात आणि त्यांच्या आधाराने मंत्रालयात शासननिर्णय लिहिले जातात. आपल्याला मात्र त्याची खबर लागते ती वसाहतीजवळची शाळा बंद होते तेव्हा.

चेन्नईला बदली होऊन गेलेल्या सोबत्यांना कोवलम गाव ठाऊक असेल. केरळातले प्रसिद्ध कोवलम ते वेगळे. हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमच्या वाटेवर, कोळ्यांचे गाव आहे. कर्नाटकच्या नबाबाने तिथे किल्ला बांधला होता. १७५२ साली क्लाइव्हने तो घेऊन उडवून दिला, आणि त्या अवशेषांच्या जागेवर सत्तरच्या दशकात पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. एका बाजूला हॉटेलची हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, असे हे गाव. तमिळनाडूच्या शाळेचा सरासरी आकडा कोणी आपल्यापुढे ठेवला की आम्हांला हे गाव आठवते, कारण हॉटेलात उतरणाऱ्याचे मूल आणि होडीवाल्याचे मूल यांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी एकाचीही नसते.

शाळेच्या पद्धती एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याची एक फार जुनी कथा याच किनाऱ्यावर घडली. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातील मुलांच्या अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. होय, तेच एग्मोर, जिथे आज रेल्वेचे स्थानक आहे. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत बसलेली त्यांनी पाहिली आणि ती युक्ती आश्रमात आणायचे ठरविले. आश्रमातील शिक्षकांनी टाळाटाळ केली. तेव्हा बेलसाहेबांनी एका शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलालाच वर्ग शिकवायला बसविले. आमच्या चळवळीच्या भाषेत याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे, या पद्धतीवर त्यांनी १७९७ साली लंडनला पुस्तक छापले आणि ती 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडभर पसरली. १८११ साली तिथे स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीच्या शाळा याच पद्धतीवर चालल्या. एक मास्तर, शेकडो मुले, खर्च नाममात्र. गिरणीमालकांच्या इंग्लंडला मजुरांच्या मुलांसाठी असेच काही हवे होते.

आमच्या मते या दोनशे वर्षांत मूळ सवय बदललेली नाही. परक्या मुलुखातून जी पद्धत स्वस्त पडते ती लगेच उचलली जाते. जिच्यासाठी पैसा मोजावा लागतो ती अहवालातच राहते.

१९९० च्या मार्चमध्ये थायलंडच्या जोमतिएन येथे 'सर्वांसाठी शिक्षण' ही जागतिक परिषद भरली. युनेस्को, युनिसेफ आणि विकास कार्यक्रमाबरोबर जागतिक बँकही तिची यजमान होती. त्यानंतर १९९४ साली आपल्याकडे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम परदेशी मदतीवर सुरू झाला. पहिल्या टप्प्यात सात राज्ये होती, त्यांत महाराष्ट्रही होता आणि तमिळनाडूही. त्यातून खोल्या बांधल्या गेल्या, मुली शाळेत आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वाऱ्यात राज्याराज्यांतून कमी पगाराच्या, अर्धवट शिक्षकांच्या नेमणुकाही आल्या. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिक शाळेतील नव्या शिक्षकाला तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन. टपाल खात्यातील बंधूंनी इथे 'सेवक' या शब्दाकडे जरा लक्ष द्यावे. ज्यांना पूर्वी ईडी म्हणत त्या खेड्यातल्या डाकवाल्यांचे नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झाले, काम तेच राहिले आणि खात्याचे नियमित कर्मचारी ते काही झाले नाहीत. पगार द्यायचा नसला की आपल्याकडे माणसाला सेवक म्हणतात.

आता खुद्द क्रमवारीकडे वळू. पॅरिसची ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना २००० सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची परीक्षा घेते. पाठांतर तीत चालत नाही. वाचलेला मजकूर, तक्ता, आलेख यांतून अर्थ काढता येतो का, हे ती पाहते. गाडीचे वेळापत्रक पाहून जोडगाडी मिळेल की नाही हे सांगण्यासारखे काम, असे समजा. २००९ च्या फेरीच्या वाढीव टप्प्यात भारतातर्फे हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये उतरली. दोन्ही राज्ये आपल्याकडे शिक्षणात पुढारलेली मानली जातात. तमिळनाडूत कामराजांनी पन्नाशीच्या दशकात शाळेतले जेवण सुरू केले आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते राज्यभर वाढविले. बाकी देश त्या वाटेने पुष्कळ उशिरा गेला.

डिसेंबर २०११ मध्ये निकाल लागला. ७४ देश-प्रांतांत आपली दोन राज्ये शेवटच्या तिघांत होती. सोबतीला किरगिझस्तान. वाचनात पहिल्या आलेल्या शांघायला ५५६ गुण, तर तमिळनाडूला ३३७. दिल्लीचे म्हणणे पडले की प्रश्न आपल्या मुलांच्या जीवनाशी जुळणारे नव्हते. पुढे २०१२, २०१५ आणि २०१८ या तिन्ही फेऱ्यांना भारत गेलाच नाही.

दिल्लीच्या या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच परीक्षेला थायलंड बसतो, इंडोनेशिया बसतो, त्यांचीही जीवनपद्धती पॅरिसची नाही. ताप मोजला आणि जास्त निघाला म्हणून थर्मामीटर फेकून देणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. दुसऱ्या बाजूने ज्यांनी हा निकाल हातात धरून 'सरकारी शाळा मोडीत काढा, मास्तरांच्या नोकऱ्या कायम ठेवू नका' असा धोशा लावला, त्यांनीही अहवाल पुरता वाचलेला दिसत नाही.

पुन्हा जायचे ठरले तेव्हा काय झाले, ते केंद्रीय कर्मचाऱ्यांनी विशेष पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०१९ मध्ये ओईसीडीशी करार झाला. २०२१ च्या फेरीला केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंदिगढ शहर एवढीच मुले बसविण्याचे ठरले. कोवलमचा कोळी नाही, बीडचा ऊसतोड मजूर नाही, धारावीही नाही. ती फेरी कोरोनामुळे २०२२ वर गेली आणि भारत तीतही उतरला नाही, ही गोष्ट वेगळी. पण देशाचा चेहरा म्हणून कोणती शाळा पुढे केली जाणार होती? तर आपल्या, म्हणजे बदलीच्या केंद्रीय नोकरांच्या मुलांसाठी निघालेली. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ साली ही योजना मंजूर झाली. ज्या आयोगाच्या अहवालावर नाराज होऊन आपण १९६० च्या जुलैत संपावर गेलो, त्याच आयोगाचे हे एक चांगले फळ, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नियमित पगाराचे पालक, प्रशिक्षित शिक्षक, वर्गाला खोली. अशा शाळेतील मूल बरे वाचते यात नवल ते काय! त्यावरून जो धडा घ्यायचा तो हाच, की हेच सारे जिल्हा परिषदेच्या शाळेला दिले तर तिथलेही मूल वाचेल. या शाळांचीही एक उणीव सांगून ठेवतो. चेन्नईला गेलेल्या मराठी गार्डच्या मुलाला तिथे हिंदी, इंग्रजी, संस्कृत मिळते. मराठी किंवा तमिळ मिळाली तर पुरेशी मुले जमल्यावर, आणि तीही बहुधा कंत्राटी शिक्षकाकडून. मूल तीन वर्षे समुद्रकाठच्या त्या शहरात राहून शेजाऱ्याची भाषा न शिकता परत येते.

निवडक मुले पुढे करण्याचा मोह आपल्याच सरकारला होतो असे नाही. शांघायच्या यशावर अमेरिकेतील अभ्यासक टॉम लव्हलेस यांनी २०१३ पासून हाच आक्षेप घेतला आणि त्यावर मोठा वाद झाला. चीनमध्ये घरनोंदणीला हुकू म्हणतात. शांघायच्या इमारती बांधणाऱ्या परगावच्या मजुराजवळ त्या शहराची नोंदणी नसते, म्हणून त्याच्या मुलाला वरच्या माध्यमिक शाळेसाठी पुष्कळदा गावी परतावे लागते. परीक्षा पंधराव्या वर्षी, म्हणजे नेमकी तेव्हा. व्हिएतनामचेही तसेच. २०१२ साली गरीब व्हिएतनामने विज्ञानात ५२८ गुण मिळवून जगाला चकित केले, ते कौतुकास्पदच होते. पण तिथली पंधरा वर्षांची निम्म्याहून थोडी अधिक मुलेच त्या मोजणीत येत होती. उरलेली शाळेबाहेर पडली होती किंवा मागच्या इयत्तांत अडकली होती. पंधराव्या वर्षी होडीवर गेलेला मुलगा पिसाच्या लेखी नसतोच.

असे असूनही शांघायकडून शिकण्यासारखे आहे. ओईसीडीच्याच २०१३ च्या शिक्षक-पाहणीत तिथला शिक्षक आठवड्याला सरासरी चौदा तासांच्या आसपास प्रत्यक्ष शिकवितो असे दिसले. वर्ग मोठे असतात, पण उरलेल्या वेळात शिक्षक एकत्र बसून पाठ तयार करतात, वह्या तपासतात, एकमेकांचे वर्ग पाहतात. आपल्या दोन-शिक्षकी शाळेतला गुरुजी चार इयत्ता एकदम सांभाळतो, आहाराचा हिशेब लिहितो, मोबाईलवर माहिती भरतो आणि निवडणूक आली की मतदान केंद्रावर जातो. शांघायची परीक्षा आयात करण्याची तयारी दिसते. शांघायच्या मास्तराचे कामाचे तास आयात करा, असे म्हणताना आम्ही कोणाला ऐकले नाही.

२०२३ साली जी-२० देशांच्या शिक्षण गटाची पहिली बैठक चेन्नईत झाली आणि जूनमध्ये शिक्षणमंत्री पुण्यात जमले. विषय होता लहान मुलांना वाचता यावे, आकडेमोड यावी हा. विषय उत्तमच. पुण्यातले फलक उतरून तीन महिने झाले नाहीत तोच सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा बेत पुढे आला, आणि त्याच महिन्यात उद्योगपतींनी शाळा दत्तक घेण्याची योजनाही. पहिलीतल्या मुलाला वाचायला शिकवायचे असेल तर शाळा त्याच्या पायांना झेपेल एवढ्या अंतरावर लागते. वाडीतली शाळा उठली की सर्वांत आधी घरी बसतात त्या मुली. याला कोणत्या आशियाई देशाचा आधार आहे, तो सरकारने सांगावा.

रेल्वेच्या शाळांनाही ही कात्री लागली आहे. २०२१ साली केंद्राच्या प्रमुख आर्थिक सल्लागारांच्या अहवालाने त्या केंद्रीय विद्यालयांकडे सोपवाव्यात अशी शिफारस केली. इंजिनवाल्यांच्या आणि गँगमनच्या मुलांसाठी या शाळा रेल्वेने चालविल्या, त्यामागे धर्मादाय भावना नव्हती. आडरानातल्या जंक्शनवर माणूस कुटुंबासह राहावा ही रेल्वेचीच गरज होती. आणि ती गरज अजून संपलेली नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवा वेतन आयोग नेमला गेला. मुलांचा शिक्षण भत्ता १ जानेवारी २०२४ पासून दोन मुलांपर्यंत मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे झाला आहे. तो वाढवून मागणे रास्तच, पण भत्ता वाढला की खाजगी शाळेची फी त्याच्या पुढे धावते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. म्हणून भत्त्याच्या मागणीला शाळेची मागणी जोडावी, असे आमचे मत आहे: शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात, रेल्वेची शाळा मोडू नये, बदलीच्या गावी मुलाला मातृभाषा आणि तिथली भाषा या दोन्हींसाठी कायम शिक्षक मिळावा. त्यासाठी प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीतील मुले ज्या शाळेत जातात तिथे मंजूर शिक्षक किती, भरलेले किती आणि त्यांत कंत्राटी किती, हे तीन आकडे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावेत. कल्याणचे, भुसावळचे, नागपूरचे आणि चेन्नईला गेलेल्या सोबत्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून ते आयोगापुढे ठेवता येतील.