वही, छायाचित्र आणि आंबील

शाळेच्या पटांगणात मांडव घालून, वहीचे एक टोक दात्याच्या आणि दुसरे मुलाच्या हाती देऊन, छायाचित्र निघेपर्यंत ते न सोडण्याची ताकीद मुलाला देण्याची जी रीत मराठवाड्यात रुळली आहे, तिच्याविषयी या सदरात यापूर्वीही नाराजी व्यक्त झाली आहे. परंतु मुलांची हाव कमी व्हावी व त्यांच्यात कृतज्ञता रुजावी, असा हेतू आता वह्यांच्या या वाटपाला चिकटवला जात असल्याने तो विषय पुन्हा घेणे भाग आहे.

आपल्यासाठी जे केले गेले ते जाणतो तो कृतज्ञ. घेतल्याच्या ओझ्याने ज्याची मान खाली जाते तो मिंधा. मांडवात मुलाला शिकवला जातो तो मिंधेपणाच. हाव म्हणजे गरज भागल्यावरही न थांबणारी इच्छा. तेव्हा ज्याचे आईवडील सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, त्या बीड जिल्ह्यातील मुलाने दुसरी वही मागितली, तर त्या मागणीला हाव म्हणणे हा उघड अन्याय आहे. शिवाय १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण हक्क म्हणून दिले आहे, आणि हक्काच्या वस्तूसाठी हात जोडायला लावणे हे संस्कारात बसत नाही.

हाव कमी व्हावी म्हणून मुलाला देणे बाहेरून शिकवावेही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ वार्नेकेन व टोमासेलो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल खेळणे मिळालेली वीस महिन्यांची बालके पुढे बक्षीस न मिळालेल्या बालकांपेक्षा कमी मदत करताना दिसली. म्हणजे देण्याची ओढ मुलात आधीच असते; तिला बक्षीस नव्हे, वाव हवा असतो.

तो वाव केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्मापुरीच्या परिसरात फार पूर्वीपासून आहे. मार्गशीर्षातील अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवप्रमाणे परळी-अंबाजोगाईच्या या पट्ट्यातही घरे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभारून तिच्यात पांडव म्हणून दगड मांडतात, त्यांची पूजा होते, आणि ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबवलेली आंबील पिकावर शिंपडली जाते. ज्या रानाने दिले, त्याला त्याच्याच ज्वारीतले पहिले परत करायचे, हा त्यामागील भाव कोणी मुलाला वेगळा समजावून सांगत नाही. मग भज्जी, म्हणजे हिरव्या शेंगांचे दाणे आणि भाज्या डाळीच्या पिठात शिजवून केलेली दाट भाजी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांच्या पंगती बसतात. ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहाने बोलावतात, वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारतात. बांधावर धावत जाऊन पाहुण्याला ओढून आणणे आणि आंबिलीचा तांब्या घेऊन पंगतीत फिरणे ही कामे मुलांची. ज्याला एरवी सगळे देतात, त्याच्याकडे त्या दिवशी मोठी माणसे पेला पुढे करतात. आंबील किती आंबट झाली की बरी, यावर प्रत्येक घराचे स्वतंत्र मत असते, आणि आपल्याच कोपीची आंबील सरस, हे पाहुण्याकडून वदवून घेण्यात मुले दुपार घालवतात.

ही अमावस्या डिसेंबर-जानेवारीत, नेमकी गळीत हंगामाच्या भरात येते. त्यामुळे ऊसतोड कुटुंबांतील अनेक मुले त्या दिवशी कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत असतात, आणि इकडे गावच्या रानात त्यांच्या वाटचा तांब्या आजी-आजोबा फिरवतात.