टायमिंग बेल्टचे तीन भाव

मे महिन्यात नाशिकला भाच्याची मुंज होती. इंदूरहून पहाटे निघायचे, सेंधवा मागे टाकून बिजासन घाट उतरायचा, धुळ्याला जेवायचे आणि दिवेलागणीच्या आत नाशिक गाठायचे, असा त्या जोडप्याचा बेत. गाडी डिझेलवरची, दहा वर्षांची, दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. मीटरवर ८८ हजार किलोमीटर. निघण्यापूर्वी तेलपाणी करून घ्यावे म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली, तेव्हा मेस्त्रीने सहज विचारले, "साहेब, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"बदललाय की! आधीच्या मालकांनी तसं सांगितलं होतं," यजमान म्हणाले.

घरी आल्यावर बाईंनी गाडीची फाईल काढली. घरातले सगळे हिशेब त्यांच्याकडे. बेल्ट बदलल्याचे बिल फाईलमध्ये होते खरे, पण ते होते ९५० रुपयांचे, आणि त्यावर लिहिले होते 'फॅन बेल्ट'. म्हणजे अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा बाहेरचा पट्टा. (आताच्या बहुतेक मोटारींत पंखा विजेवर फिरतो, पण गॅरेजमध्ये त्या पट्ट्याचे नाव अजून फॅन बेल्टच आहे.) टायमिंग बेल्ट वेगळा. तो इंजिनाच्या कडेला झाकणाआड असतो, बॉनेट उघडले तरी दिसत नाही. आधीच्या मालकांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना दोन्ही बेल्ट एकच वाटत होते. जुनी गाडी घेणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती याच शब्दावर.

हा बेल्ट करतो काय? इंजिनात खाली पिस्टन वरखाली होऊन क्रँकशाफ्ट फिरवतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा, ना कमी ना जास्त. हा मेळ राखतो तो दातेरी रबरी टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. असा दातेरी पट्टा मुळात १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी तयार झाला. सुई खाली येण्याची आणि खालच्या दोऱ्याने तिला गाठण्याची वेळ चुकली की टाका पडत नाही, हे घरात मशीन असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मोटारीत तो पट्टा आला १९६२ मध्ये, ग्लास या जर्मन कंपनीच्या १००४ या गाडीत. त्याआधी हे काम साखळी किंवा दंतचक्रे करीत. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि पद्मिनीत साखळीच होती. मारुती ८०० बरोबर बेल्ट घरोघरी पोचला. झेन, एस्टीम, पहिली सँट्रो, डिझेल इंडिका, या सगळ्या बेल्टच्याच गाड्या. पुढे मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनांत पुन्हा साखळी आली. म्हणून भाव विचारायच्या आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे की साखळी, हे माहितीपुस्तिकेत पाहणे बरे. साखळीच्या गाडीला टायमिंग बेल्टचा भाव सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडून चाकातली हवासुद्धा भरून घेऊ नये.

शिवणयंत्राचा टाका चुकला तर उसवता येतो. इंजिनाचे तसे नाही. पुष्कळ इंजिनांत, आणि डिझेलच्या तर जवळजवळ सगळ्याच, पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, पण गाडीच्या वेगाने पिस्टन फिरतच राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो, हेड उतरवावे लागते. बेल्ट वेळेवर बदलण्याच्या कित्येक पट खर्च होतो. तो विमा कंपनीकडूनही मिळत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेले असतात. शिवाय बेल्ट बहुधा आवाज करून सांगत नाही. झाकण काढून पाहिल्यावर भेगा किंवा झडलेले दात दिसले तर प्रश्नच मिटला, पण अलीकडच्या चांगल्या रबराचा पट्टा शेवटपर्यंत वरून ठाकठीक दिसू शकतो. म्हणून कंपन्या किलोमीटरबरोबर वर्षेही ठरवून देतात, आणि जे आधी भरेल ते धरायचे असते. कोणाचा आकडा ६० हजार किलोमीटर, कोणाचा लाखाच्या वर. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावण्यात अर्थ नाही. या जोडप्याच्या पुस्तिकेतली वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती.

बिजासन घाटाचा विचार मनात आला आणि त्यांनी तीन ठिकाणी भाव विचारले. पुढचे आकडे उदाहरणादाखलच घ्यावेत. गाडी, गाव आणि दुकान बदलले की ते बदलतात.

मेस्त्रीने चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली : टायमिंग बेल्ट, लेबरसहित, ५,६०० रुपये. सगळ्या बनावटीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या गॅरेजने छापील कागद दिला, १८,७६२ रुपयांचा. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितले २४,३००. यजमान तर वैतागलेच. "एकाच पट्ट्याला कोणी साडेपाच हजार घेतो आणि कोणी चोवीस! चोर कोणाला म्हणायचं?"

बाईंनी वहीत तीन रकाने आखले. ज्या कागदावर तपशील होता, तो आधी उतरवला. मोठ्या गॅरेजच्या कागदावर होते : बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर पुली यांचा संच ७,२००, वॉटर पंप ३,८००, कूलंट ९००, मजुरी ४,०००. बेरीज १५,९००. त्यावर १८ टक्के जीएसटी २,८६२.

मग त्या मेस्त्रीकडे गेल्या. "तुमच्या ५,६०० मध्ये काय काय येतं?"

"भाभीजी, बेल्ट २,६०० चा आणि ३,००० माझी मजुरी."

"टेन्शनर?"

"हाताने फिरवून बघतो. ठीक असला तर कशाला बदलायचा? तुमचेच पैसे वाचतात."

हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि त्यात लबाडीच असते असेही नाही. पण हिशेब चुकतो तो इथेच. टेन्शनर म्हणजे बेल्टला ताण देणारी चाकी, आणि आयडलर म्हणजे त्याला वाट दाखवणारी. दोघींच्या बेअरिंगा बेल्टइतक्याच फिरलेल्या असतात. त्या चाकीचे बेअरिंग अडकले की नवाकोरा बेल्टही उतरतो किंवा तुटतो. वॉटर पंपाचे तसेच. अनेक इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो. या गाडीतही तसेच होते. पंप गळू लागला तर कूलंट बेल्टवर येते, आणि तो जाम झाला तर बेल्टच जातो. ज्या गाडीत पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, तिथे मात्र तो या कामात बदलायचे कारण नाही. तेव्हा पंप घालावा की नाही याचे उत्तर एकच नसते. 'आमच्या गाडीत पंप कुठला बेल्ट फिरवतो?' एवढे विचारले की काम भागते, आणि गॅरेजवाल्याची परीक्षाही होते.

खरा पैसा जातो तो बेल्टपर्यंत पोचण्यात. चाक काढायचे, इंजिनाला खालून टेकू द्यायचा, एका बाजूचे माउंटिंग सोडायचे, पुली काढायची, झाकणे उतरवायची. एवढे उघडल्यावर पंप बदलण्याची वाढीव मेहनत थोडी. सहा महिन्यांनी पंप गेला तर तीच मजुरी पुन्हा, आणि एकदा काढलेला बेल्ट परत चढवणे योग्य नाही म्हणून बेल्टही पुन्हा. कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टच्या ऑईल सीलचेही तेच. तेल झिरपत असेल तर ती त्याच वेळी बदलायची, कारण तेलाने रबर फुगते.

बाईंनी मेस्त्रीला पूर्ण कामाचा भाव मागितला. चाक्यांचे ४,६००, पंपाचे ३,८००, कूलंटचे ९०० वाढले आणि आकडा झाला १४,९००. मेस्त्रीच्या दुकानाची उलाढाल लहान, जीएसटीची नोंदणी नाही, म्हणून त्यावर कर नाही. (नोंदणी नसलेल्याने जीएसटी आकारायचा नसतोच; साधे बिल मात्र त्यानेही द्यायचे असते.) म्हणजे मोठ्या गॅरेजशी तुलना केली तर मजुरीत फरक उरला फक्त १,००० रुपयांचा.

कंपनीच्या वर्कशॉपच्या कागदावर तर बरेच काही होते. संच, पंप, कूलंट, मजुरी, आणि त्याखाली 'इंजिन फ्लशिंग', 'इंजेक्टर क्लिनिंग', 'एसी ट्रीटमेंट', मिळून करासह ४,९०० रुपये. काउंटरवरच्या तरुणाला बाईंनी विचारले, "भैया, ही कामं टायमिंग बेल्टसाठी लागतात?" तो प्रामाणिक निघाला. "नाही मॅडम, पॅकेजमध्ये येतात." ती काढल्यावर राहिले १९,४००. जो भाव चौपट वाटत होता, तो मोठ्या गॅरेजपेक्षा ६३८ रुपयांनी जास्त निघाला.

याच ठिकाणी शेजारच्या काकांचे २०२४ चे बिल आड आले होते. त्यात सुट्या भागांवर २८ टक्के कर होता, म्हणून नव्या कागदावरचे १८ टक्के पाहून यजमानांना शंका आली. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर १८ टक्केच जीएसटी लागतो. जुन्या बिलावरून नवा भाव पारखताना हे लक्षात ठेवावे लागते.

भाव इतके जवळ आल्यावर पैशाचा प्रश्न मागे पडला आणि काम कोण नीट करील हा पुढे आला. बाईंनी तिघांना तेच तीन प्रश्न विचारले. बेल्ट कोणत्या बनावटीचा आणि पार्ट नंबर काय? गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको या बेल्ट करणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत, आणि गाडीच्या कंपनीच्या डब्यातला बेल्टही बहुधा अशाच एखाद्या कारखान्यात बनतो. त्यामुळे 'ओरिजिनल' या शब्दापेक्षा सीलबंद डबा आणि त्यावरचा नंबर महत्त्वाचा. नावाजलेल्या मालाचीच नक्कल होते. दुसरा प्रश्न, शाफ्ट लॉक करण्याच्या पिना आहेत का? बेल्ट काढताना दोन्ही शाफ्ट नेमक्या जागी अडकवून ठेवावे लागतात. मेस्त्री म्हणाला, "खडूने खूण करतो, वीस वर्षं तसंच करतोय." जुन्या साध्या इंजिनांना खुणा पुरत असतील, आताच्या डिझेल इंजिनात एक दात चुकला तरी गाडी ओढत नाही, किंवा त्याहून वाईट होते. तिसरा प्रश्न ऐकून मात्र दोघे जण गप्प झाले. "वॉरंटी कशाची? बसवण्यात चूक होऊन बेल्ट गेला, तर नुसता नवा बेल्ट देणार की इंजिनाचं नुकसान भरून देणार?"

मोठ्या गॅरेजच्या मालकाने थोडा विचार केला आणि कागदाच्या तळाशी लिहून दिले : एक वर्ष किंवा २० हजार किलोमीटर, बसवण्यातील चुकीने होणाऱ्या इंजिनाच्या नुकसानीसह. खाली सही आणि शिक्का. वर्कशॉपचा तरुण म्हणाला की छापील अटींपलीकडे त्याला काही लिहिता येणार नाही. मेस्त्रीने हात जोडले. "भाभीजी, तेलपाण्याला मात्र माझ्याकडेच या." आणि त्या अजूनही त्याच्याकडेच जातात.

काम शनिवारी झाले. यजमान तिथेच स्टुलावर बसले होते. पिना लावलेल्या त्यांनी पाहिल्या. पुलीचा जुना बोल्ट कारागिराने बाजूला टाकला आणि नवा घेतला, कारण असे काही बोल्ट एकदाच आवळायचे असतात. बेल्ट बसल्यावर त्याने पान्याने क्रँकशाफ्ट हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवला, पुन्हा पिना जागेवर जातात का पाहिले, आणि मगच झाकण लावले. हे दोन फेरे न फिरवता थेट चावी मारणारा कारागीर घाईत असतो. शेवटी बॉनेटखाली तारीख आणि ८८,२४० किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

जुने भाग परत हवेत, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. ते पिशवीतून घरी आले. बेल्ट वरून चांगला दिसत होता, दातही शाबूत. टेन्शनरची चाकी बोटाने फिरवली तेव्हा खरखर लागली. पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते, आतले सील गळू लागले की पाणी तिथून बाहेर पडावे म्हणून ठेवलेले. त्या भोकापासून खाली वाळलेल्या कूलंटचा पांढुरका ओघळ उतरला होता.