क्रांतिसिंहांसाठी अर्ज कशाला?

प्रजासत्ताक दिन जवळ आला की कृष्णाकाठी एक मागणी डोके वर काढते: क्रांतिसिंह नाना पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांना भारतरत्न द्या. यंदा एका वक्त्याने त्यावर कडी केली. पदक मिळत नाही तोवर सातारा-सांगलीचे नेते देशाच्या लेखी गल्लीतलेच राहणार, असे त्याचे म्हणणे. इतर राज्यांनी आपली माणसे पुढे रेटली, आपण झोपलो. आता गावोगाव ठराव करा, निवेदने द्या!

हे म्हणणे मला मुळापासून अमान्य आहे.

देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतरावांनी संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती सांभाळली, १९७९ साली ते उपपंतप्रधान झाले. त्यांना गल्लीतले म्हणणाऱ्याने आधी इतिहास वाचावा.

ठरावांचे म्हणाल, तर भारतरत्नाची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींकडे करतात. तिला ग्रामसभेचा कागद लागत नाही. वर्षाला जास्तीत जास्त तीन असा नियम असूनही २०२४ साली पाच दिले गेले.

शिवाय सरकारी सन्मान सत्तेबरोबर हलतो. १९७७ साली नव्या सरकारने हे पुरस्कार बंद केले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांना पदच्युत केल्यावर राजधानीतला त्यांचा अश्वारूढ पुतळा हलवला गेला, तो २०१६ साली परत आला.

पण माझा खरा आक्षेप नानांसाठी पदक मागण्याला आहे. येडेमच्छिंद्रच्या या माणसाने १९३० च्या कायदेभंगात तलाठ्याची सरकारी नोकरी सोडली. १९४२ साली तो भूमिगत झाला आणि १९४३ पासून ब्रिटिश सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातला मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता, म्हणून 'आमचे नाना की तुमचे' हा वादही फोल. प्रतिसरकार म्हणजे लुटालूट, हा जुना आरोप अजून कानावर येतो. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या माणसांनी अडवलेल्या रेल्वेगाडीतला पैसा ब्रिटिश सरकारचा होता, हे एवढ्या वर्षांत किती वेळा सांगायचे? स्वातंत्र्यानंतरही नाना सत्तेच्या पंगतीला बसले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले, १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत गेले. सरकारच्या मान्यतेवाचून ज्याने गावागावांत न्याय दिला, त्याच्या थोरवीसाठी आपण सरकारदारी अर्ज करायचा? हा त्यांचा गौरव नव्हे, त्यांच्या आयुष्याचा अधिक्षेप आहे. आणि पदक एकाच्या गळ्यात पडते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या ब्रिटिशविरोधी मोर्चात गोळ्या झेलून पडलेल्यांच्या वाट्याला त्यातले काय येणार?

लोकांनी दिलेले नाव कोणी काढून घेऊ शकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले. पण त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतल्या कोणत्याही पोराला विचारा, तो कर्मवीर म्हणूनच सांगेल. राष्ट्रीय पुरस्कार तर नावामागे-पुढे लावताही येत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले.

मग करायचे काय? गावोगाव भूमिगतांची आणि त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बायकांची नावे लिहून काढा. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी तंटे कसे मिटवले, ते शाळेत शिकवा. आणि प्रतिसरकारने साध्या खर्चाची गांधी पद्धतीची लग्ने लावली, सावकाराला जरब बसवली, ते काम पुढे न्या. आज याच गावांत लेकीच्या लग्नासाठी बाप कर्ज काढतो. ज्या ग्रामसभेला नानांचा मान राखायचा आहे, तिने दिल्लीला निवेदन धाडण्याऐवजी हुंडा आणि लग्नातला थाट बंद करण्याचा ठराव करावा आणि तो पहिल्यांदा सरपंचाच्या घरातल्या लग्नात पाळावा.