समजून घेणे म्हणजे लाड नव्हे

संपादक महोदय,

‘मुलांना समजून घेण्याच्या परदेशी फॅडामुळे पाळणाघरांत धाक उरला नाही’ हे आपल्या अंकातील मत वस्तुस्थितीला धरून नाही. या विचाराची प्रेरणा परदेशी शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरींची, हे खरे. पण आपल्याकडे त्याच वाटेने बालशिक्षण देणाऱ्या गिजुभाई बधेकांचे भावनगरचे बालमंदिर १९२० चे आणि ताराबाई मोडकांचे बोर्डीतील काम १९४५ चे. मग हे फॅड कसे?

राहिली शिस्त. तीन वर्षांचे मूल खेळण्यातल्या गाडीसाठी दुसऱ्याला चावते, तेव्हा पाळणाघरातली ताई त्याला थांबवतेच. ‘गाडी हवी होती, राग आला ना? पण चावायचं नाही, त्याला दुखतं,’ म्हणत दोघांजवळ बसते. यात नियम कुठे सुटला? नुसते दटावलेले मूल ताईची पाठ वळताच पुन्हा चावते.

एकाच ताईवर वीस-पंचवीस मुले सोपवली, की हे जमत नाही. लिहायचेच तर त्यावर लिहा.

— एक बालवाडी शिक्षिका, नाशिक