सुरांची उधारी

वाण्याची उधारी फार थकली तर तो पुढचा माल देत नाही. विजेचे बिल थकले तर जोडणी तुटते. डॉक्टरांची फी तर आपण त्यांच्यासमोरून उठतानाच देतो. परंतु आपल्या घरी येऊन, दोन-दोन तास वाद्यापाशी वाकून काम करून गेलेल्या कारागिराचे पैसे मात्र ‘नंतर बघू’ ह्या दोन शब्दांवर महिनोन् महिने अडकून पडतात. पियानो सुरात लावणाऱ्यांचा व्यवसाय हे ह्या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण होय. गोमंतकात हा व्यवसाय करणारे थोडेच. जुन्या घरांचे दिवाणखाने, शाळा, संगीतवर्ग आणि हॉटेले हेच त्यांचे गिऱ्हाईक. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी पियानो नसेल, पेटी असेल; पण आज आम्ही मांडत आहोत तो प्रश्न दोन्ही वाद्यांना सारखाच लागू आहे, म्हणून हा प्रपंच.

हे काम कसे असते ते प्रथम पाहू. पियानोला ८८ पट्ट्या आणि २०० हून अधिक तारा असतात. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा, आणि त्या तिन्ही इतक्या एकरूप व्हाव्या लागतात की कानाला एकच सूर ऐकू यावा. सर्व तारांचा मिळून ताण १५ ते २० टन भरतो. एकेक खुंटी किल्लीने केसभर फिरवायची, कानाने तोलायची, एक मूळ स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर आणायचा आणि बाकीचे सारे त्याच्याशी जुळवायचे, ह्यात दीड-दोन तास सहज जातात. हा हिशेब झाला निगा राखलेल्या वाद्याचा. वर्षानुवर्षे हात न लागलेल्या पियानोचा सूर खूपच उतरलेला असतो. तो वर चढवू लागले की आधी लावलेल्या तारा शेवटच्या तारेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुन्हा ढिल्या पडतात आणि सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते. त्यातच एखादी गंजलेली तार तुटण्याची धास्ती असते.

गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी येथूनच लागते. ‘गेल्याच वर्षी लावून घेतला होता’ असे सांगून दर ठरवायचा आणि कारागिराने झाकण उघडावे तो आत दहा वर्षांची धूळ! गंजलेली तार तुटली की दोष त्याच्या हाताला. महिन्याभराने सूर हलला की तोही त्याच्याच माथी. वस्तुतः आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून घेते, पियानोचा ध्वनिफलक फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरडी हवा आली की तोच फलक आकसून सूर उतरतो. करणी हवेची आणि कपात मात्र कारागिराच्या बिलात, हा न्याय कोठला?

कायदा अशा माणसाच्या मदतीला येत नाही काय? येतो, पण लंगडत. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) १७० व्या कलमाने, दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूवर ज्याने श्रम वा कौशल्य खर्च केले, त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे. घड्याळजी ह्या अधिकाराच्या बळावर निश्चिंत असतो. पियानो लावणाऱ्याने काय ताब्यात ठेवावे? वाद्य गिऱ्हाइकाच्या घरी, आणि लावलेला सूर तर कोणालाच परत काढून नेता येत नाही. मुदतीच्या कायद्याने दाव्यासाठी तीन वर्षे दिली आहेत खरी. पण लहानशा रकमेसाठी कामाचे दिवस बुडवून न्यायालयाच्या पायऱ्या कोण झिजवणार? बुडवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

पेटी दुरुस्त करणाऱ्याची कथा ह्याहून करुण आहे. चतुर्थी जवळ आली की भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे येऊन पडतात. भात्याची भोके बुजवणे, पितळी सुरांच्या जिभा घासून त्या जुळवणे, ही कामे तो रात्री जागून करतो. वाद्य त्याच्या दुकानात असते, कायद्याने ते अडवण्याचा हक्कही त्याला असतो. परंतु देवापुढची आरती आपल्यामुळे अडू नये म्हणून तो पेटी उधारीवर सोडतो. चतुर्थी होते, भजने रंगतात, आणि मग ‘गरज सरो, वैद्य मरो’! ज्या श्रद्धेपोटी त्याने पेटी दिली, त्याच श्रद्धेचा गैरफायदा आपण घेतो, हे आमच्या मंडळांच्या कारभाऱ्यांना टोचू नये काय?

कारागीर तेवढे धुतल्या तांदळासारखे असतात, असा आमचा दावा नाही. दर आधी न सांगणारे, अर्धवट काम करून निघून जाणारे त्यांच्यातही आहेत. त्याला उपाय आहे. काम सुरू होण्यापूर्वी वाद्याची तपासणी व्हावी, दर आणि संभाव्य जादा खर्च कागदावर लिहिला जावा, काम झाल्यावर गिऱ्हाइकाने वाद्य वाजवून पाहावे, तक्रार असेल तर तेथेच सांगावी, आणि नसेल तर पैसे तेथेच मोजून पावती घ्यावी. काम पसंत नव्हते हे ज्याला तीन महिन्यांनी, बिलाची आठवण झाल्यावरच सुचते, त्याची तक्रार सुराविषयी नसून पैशाविषयी असते.

संस्थांची जबाबदारी तर अधिकच मोठी. मैफलीच्या खर्चात हारतुऱ्यांपासून मंडपापर्यंत सर्वांची तरतूद असते; वाद्य लावणाऱ्याचे बिल मात्र ‘पुढच्या बैठकीत मंजुरी’च्या फडताळात पडून राहते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे देणे फार तर ४५ दिवसांत फेडण्याचे बंधन घातले असून, विलंबाला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद केली आहे. कारागिरांनी नोंदणी करून घ्यावी आणि हॉटेलांनी व संस्थांनी व्याजाची वेळ येऊ देऊ नये.

बलुतेदारीच्या काळी कारागिराचा वाटा खळ्यावरच वेगळा काढला जाई. त्या व्यवस्थेतील जातीची उतरंड परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. पण धान्य घरी नेण्यापूर्वी दुसऱ्याचे देणे चुकवायचे, ही तिच्यातील एवढी रीत तरी आपण सोडायला नको होती. सूर लावण्याची विद्या पुस्तकातून येत नाही; वर्षानुवर्षे उस्तादाच्या शेजारी बसून कान तयार करावा लागतो. बापाला उंबरे झिजवताना पाहिलेला मुलगा ती शिकायला बसणार नाही. मग पैसे रोख देण्याची तयारी असली तरी वाद्य लावायला कोणी मिळणार नाही. ज्यांच्याकडे अशी देणी थकली असतील, त्यांनी ती ह्याच आठवड्यात चुकती करावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.