‘ज्याची त्याची आवड’ म्हणून सुटका नाही

पुस्तकांविषयी चार माणसे बोलू लागली आणि वादाला रंग चढू लागला, की कोणीतरी समंजसपणाचा आव आणून म्हणतो, “जाऊ द्या हो, ज्याची त्याची आवड!” चर्चा तेथेच आटोपते. ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत हे वाक्य सहसा उच्चारले जात नाही. तेथे पुरावे मागितले जातात, बखरी काढल्या जातात. सामाजिक कादंबरीच्या बाबतीतही पात्रे खरी वाटतात की नाही यावर लोक हिरिरीने भांडतात. विज्ञानकादंबरी आणि अद्भुतरम्य कादंबरी यांच्या वाट्याला मात्र हे वाक्य हटकून येते. जणू या कादंबऱ्या म्हणजे जत्रेतील मिठाई. कोणाला गोडी शेव रुचते, कोणाला बत्तासे, त्यात वाद तो काय घालायचा! आमचे म्हणणे असे, की हे वाक्य वरकरणी उदार दिसत असले तरी त्याच्या मुळाशी आळस आहे. आणि या साहित्यप्रकाराचे जेवढे नुकसान त्याच्या निंदकांनी केले नसेल तेवढे या वाक्याने केले आहे.

आवड आणि मत या दोन भिन्न वस्तू आहेत. आवड ही खासगी बाब आहे. तिचे कारण कोणी विचारू नये आणि विचारले तरी ते देण्यास आपण बांधील नाही. मत मात्र आपण दुसऱ्याच्या हवाली करीत असतो. “ही कादंबरी चांगली आहे, तू वाच,” असे म्हणताच आपण दुसऱ्याच्या आयुष्यातील काही तासांवर हक्क सांगतो. “ती टाकाऊ आहे, वाचू नकोस,” असे म्हणताच एका लेखकाचा वाचक आपण हिरावून घेतो. दोन्ही वेळी कारण देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

या प्रकारच्या कादंबऱ्यांचा इतिहास पाहिला तर हे अधिकच स्पष्ट होते. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, गावोगाव मंडळे निघाली, हस्तलिखित व चक्रमुद्रित पत्रिका निघाल्या, आणि १९३९ साली न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. त्या संमेलनाच्या दारातच मतभेदांमुळे काही जणांना मज्जाव करण्यात आला, हेही येथे नमूद केले पाहिजे. वाचक म्हणजे साधुसंत नव्हेत. तथापि १९५३ पासून दिला जाणारा या क्षेत्रातील मानाचा ‘ह्यूगो’ पुरस्कार संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचकच, मतदानाने ठरवितात. विद्यापीठांनी या साहित्याकडे पाठ फिरविली होती तेव्हा त्याची समीक्षा वाचकांनीच उभी केली. त्या काळी सर्वांनी ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून हात झटकले असते, तर या प्रकारात चांगले काय आणि वाईट काय हे ठरलेच नसते.

आता मत द्यायचे म्हणजे काय करायचे? येथे दुसरा एक वर्ग पुढे येतो. हे लोक कारण देतात, पण एकच: “यातले विज्ञान चुकीचे आहे.” या कसोटीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग खुद्द ज्यूल व्हेर्न यांनी केला. एच. जी. वेल्स यांनी १९०१ सालच्या आपल्या चांद्रकादंबरीत गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थ कल्पिला होता. त्यावर व्हेर्न यांचा आक्षेप असा, की आपण तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे जातो, म्हणजे भौतिकशास्त्राच्या आधाराने जातो. या गृहस्थांनी तो पदार्थ आणून दाखवावा. आक्षेप ऐकावयास खणखणीत आहे. परंतु व्हेर्न यांच्या १८६५ सालच्या कादंबरीतील तोफ नऊशे फूट लांब आहे आणि गोळ्याला सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर वेग द्यायचा आहे. शाळेतल्या सूत्राने हिशेब केला, तर आतल्या प्रवाशांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक जोर पडतो. ते नळीतच चिरडून जातील. म्हणजे विज्ञानाचा दाखला देणाऱ्याची सफर वेल्स यांच्या सफरीइतकीच अशक्य! मग व्हेर्न यांची कादंबरी फसली काय? मुळीच नाही. यादवी युद्ध संपल्याने बेकार झालेले बाल्टिमोरचे तोफगोळेवाले आता कशावर तोफ डागावी म्हणून हवालदिल होतात, हा तिच्यातील उपहास आजही ताजा आहे. केवळ विज्ञान तपासणाऱ्या वाचकाच्या हाती तो लागतच नाही.

याचा अर्थ विज्ञानाची चूक दाखवूच नये असा नव्हे. लॅरी निवेन यांच्या १९७० सालच्या ‘रिंगवर्ल्ड’ या कादंबरीत एका ताऱ्याभोवती फिरणारे एक प्रचंड कडे आहे. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर वस्ती आहे. तेथे आश्चर्य वाटावे ते त्या रचनेचेच, असे लेखकाचे वचन आहे. वाचकांनी गणित मांडले आणि दाखवून दिले की असे कडे टिकणार नाही. जरासा धक्का बसला तरी ते सरकत जाऊन ताऱ्यावर आदळेल. मॅक्सवेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शनीभोवतीचे कडे एकसंध घन का असू शकत नाही हे सिद्ध केले होते, त्याच जातीचा हा युक्तिवाद. पुढच्या वर्षीच्या संमेलनात विद्यार्थ्यांनी ही अस्थिरता घोषणा देऊन लेखकाच्या कानी घातली. निवेन रागावले नाहीत. त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली आणि तिच्यात कडे सावरणारी यंत्रे बसविली, इतकेच नव्हे तर त्या यंत्रांच्या बिघाडावरच कथानक उभे केले. या दोन उदाहरणांतून आम्ही एक नियम काढतो. प्रत्येक कादंबरीला तिने स्वतः दिलेल्या वचनाने बांधावे. ज्या कादंबरीने रचनेचा अचूकपणा वचन म्हणून दिला, तिच्याकडे तो मागावा. जिने उपहास दिला, तिच्याकडे उपहासाची धार मागावी.

अद्भुतरम्य कादंबरीलाही हाच नियम लागू आहे. “तेथे काय, काहीही घडू शकते!” असे म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नसते. जेथे काहीही घडू शकते तेथे कशाचीच भीती उरत नाही आणि कशाचाच आनंद होत नाही. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर (१९५४–५५) अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ साली झोड उठविली, पोरकट लेखन अशा शब्दांत संभावना केली. मत कठोर असण्याविषयी आमची तक्रार नाही. पण त्या परीक्षणात एका प्रमुख पात्राच्या नावाचे स्पेलिंगही धड नव्हते. ज्याच्यावर निकाल द्यायचा त्याचे नावही नीट पाहायचे नाही, हा कसला न्याय? याच्या उलट टोल्किन यांच्या ऑक्सफर्डमधील मित्रमंडळाकडे पाहावे. ‘इंक्लिंग्ज’ या नावाने ओळखले जाणारे हे लोक सी. एस. लुइस यांच्या खोलीत जमत आणि हस्तलिखिते मोठ्याने वाचीत. ह्यूगो डायसन यांना टोल्किन यांचे वाचन असह्य होई आणि ते तसे तोंडावर म्हणत. लुइस यांना ते अत्यंत प्रिय होते. त्यांनी वर्षानुवर्षे धीर दिला. त्याच लुइस यांच्या नार्नियाच्या कथा मात्र टोल्किन यांना रुचल्या नाहीत आणि त्यांनी ते लपविले नाही. मैत्री होती म्हणून कोणी गप्प बसला नाही.

आमच्या समाजातील वाचकांविषयी येथे दोन शब्द स्पष्टपणे लिहिले पाहिजेत. या प्रकारच्या एखाद्या कादंबरीत धर्मगुरू आला, की आमच्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे “यात आपल्या श्रद्धेची टिंगल आहे,” आणि दुसरे “पाहा, नायक आपला फादर आहे!” ही दोन्ही मते पुस्तक मिटलेले असतानाही देता येतात. जेम्स ब्लिश यांची ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ (१९५८) ही कादंबरी घ्या. तिचा नायक येशूसंघीय धर्मगुरू असून जीवशास्त्रज्ञही आहे. लिथिया नावाच्या ग्रहावर त्याला अशी जमात भेटते, की जिच्यात तंटा नाही, गुन्हा नाही आणि ईश्वरही नाही. ईश्वराविना असा सदाचार म्हणजे माणसाला भुलविण्यासाठी सैतानाने केलेली निर्मिती होय, या निष्कर्षाला तो येतो. येथेच धर्मशिक्षणाच्या वर्गात लक्ष दिलेल्या वाचकाने थबकले पाहिजे. कारण सैतानाला निर्मितीचे सामर्थ्य बहाल करणे हा मानी पंथाचा जुना पाखंड आहे. लेखकाला हे ठाऊक आहे. कादंबरीतील पोप महोदय नायकाला नेमके याच मुद्द्यावर धरतात. शेवटी ग्रहाचा स्फोट होतो. तो सैतान हुसकून लावण्याच्या विधीने झाला, की त्याच क्षणी चाललेल्या एका शास्त्रज्ञाच्या फसलेल्या प्रयोगाने, हे लेखक उघडेच ठेवतो.

या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार, आमच्या मते, आमच्या वाचकांना इतरांहून अधिक आहे. निर्मिती, पाप आणि मोह या शब्दांचा अर्थ ज्यांनी बालपणापासून ऐकला, त्यांनी नायकाची चूक कोठे झाली हे सांगायचे नाही तर कोणी सांगायचे? तीच गोष्ट वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’ची. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होते आणि १९४४ साली मोन्ते कास्सीनोचा प्राचीन मठ उद्ध्वस्त करणाऱ्या हल्ल्यात त्यांचा सहभाग होता. पुढे त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला आणि अणुयुद्धानंतरच्या काळात ज्ञानाचे तुकडे जपणाऱ्या मठवासीयांची ही कादंबरी लिहिली. तिला १९६१ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्या शेवटच्या भागात किरणोत्साराने होरपळलेल्या मायलेकींना मरण द्यावे की नाही यावरून मठाधिपती आणि डॉक्टर यांच्यात वाद होतो. लेखकाने डॉक्टरला दुष्ट रंगविलेले नाही आणि मठाधिपतीला सोपा विजयही दिलेला नाही. ही कादंबरी वाचून “आपल्या मठांचा गौरव आहे” एवढेच म्हणणारा वाचक तिचा अपमान करतो.

कोणी म्हणेल, आम्ही साधे वाचक. आमच्या मताने काय होणार? उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मधील माणसे एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही. तरी लेखिकेने त्यांच्यासाठी सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्यामुळे ती सारी पुरुषच वाटतात, असा आक्षेप अनेकांनी, विशेषतः स्त्रियांनी, घेतला. १९७६ सालच्या निबंधात ले ग्विन यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले. पुढे १९८७ साली त्याच निबंधाला टिपा जोडून आपले मत पालटल्याचे त्यांनी जाहीर केले. आक्षेप घेणाऱ्यांनी ‘ज्याची त्याची आवड’ म्हटले असते तर एका थोर लेखिकेचा तो अंतर्मुख विचार आपणांस लाभलाच नसता.

आपल्या मराठीतही एक दाखला आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. तिला पहिले पारितोषिक मिळाले. नंतर उलगडा झाला की आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ती डॉ. जयंत नारळीकर यांनी पाठविली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. जगन्मान्य शास्त्रज्ञाला आपल्या नावाचे वजन कथेच्या पारड्यात पडू द्यायचे नव्हते. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी ते अध्यक्ष म्हणून निवडले गेले आणि २०२५ साली निवर्तले. त्यांचा गौरव आपण पुष्कळ करतो. परंतु त्यांनी स्वतः मागितला होता तो निकाल, नाव झाकून दिलेला निकाल, त्यांच्या किती कथांना आपण देतो? थोरांच्या प्रत्येक ओळीची वाहवा करणे आणि नवख्याचे पुस्तक न उघडताच बाजूला सारणे, ही एकाच आळसाची दोन रूपे होत.

शेवट फोडू नये, ही अटही अलीकडे फार लाडकी झाली आहे. ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याच्यासमोर ती जरूर पाळावी. पण दोघांनीही वाचले असता शेवटाविषयी मौन पाळणे म्हणजे खटला चालवून निकालपत्र न वाचण्यासारखे आहे. लिथियाचा ग्रह का फुटला हे बोलायचे नसेल, तर त्या कादंबरीविषयी बोलण्यासारखे उरतेच काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुस्तक पूर्ण वाचावे, आणि अर्धे सोडले असेल तर तसे सांगावे. त्याने कोणते वचन दिले होते हे प्रथम सांगावे, मग ते पाळले की मोडले ते सांगावे. कारण द्यावे, म्हणजे समोरच्याला ते खोडून काढता येईल. आणि समोरच्याने खोडले, तर त्याचे उत्तर द्यावे किंवा आपले मत बदलावे. मनोरंजनासाठी वाचणाऱ्यांवर हा जुलूम आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी खुशाल मनोरंजन करून घ्यावे. त्यांच्या आवडीला आमचा हात लागणार नाही. फक्त मंडळात उठून मत देताना, आणि विशेषतः दुसऱ्याच्या मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेताना, त्यांनी कारण सांगावे. ते त्यांच्यापाशी नसेल तर मुलाला आधी पुस्तक वाचू द्यावे. बहुधा कारण त्याच्याकडूनच कळेल.